पंपाशी बोलणारं मीटर

प्रिय ताई,

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. तुझी शाळा चौथीत सुटली तरी माझं पत्र तू कुणाकडून वाचून घेत नाहीस, हे मला माहीत आहे. या वेळी तर अजिबात घेऊ नकोस. फोनवर हे सांगता आलं नसतं. आपल्या एका खोलीत फोनवर जे बोलावं ते आईच्या कानावर जातंच. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बसून लिहितेय. डबा उघडलेला नाही. हल्ली भुकेपेक्षा झोपच जास्त येते.

आधी बातमी सांगते. काल आईला घेऊन दवाखान्यात गेले होते, नवं मीटर निवडायला. गुरुवारी डॉक्टर बसून ठरवणार आहेत की इन्सुलिनचा पंप आईकडे राहू द्यायचा की काढून घ्यायचा. राहिलाच, तर त्याच्या जोडीला साखर तपासायला कोणतं मीटर द्यायचं ते आधी ठरवून ठेवा, असं नर्सबाई म्हणाल्या. त्यांनी टेबलावर तीन मीटर मांडली. मी दोन दिवस जागून वही केली होती: कोणत्याला किती रक्त लागतं, कोणाची पट्टी किती मोठी, कोण किती सेकंदांत आकडा देतं. नर्सबाईंनी वही पाहिली आणि म्हणाल्या, "अगं, मीटर तुला वापरायचंय की त्यांना?" मी वही मिटली.

आईने वहीकडे पाहिलंच नाही. एकेक मीटर खिडकीशी नेऊन चष्म्यासकट आणि चष्म्याशिवाय बघितलं. पट्टी स्वतः घालून पाहिली. तिची बोटं शिवणाच्या सुईने किती राठ झालीत तुला ठाऊक आहे, टोचलं तरी रक्ताचा थेंब येता येत नाही. म्हणून जे इवल्याशा थेंबावर भागवतं ते तिने बाजूला काढलं. त्याचे आकडे ठळक आहेत. पण ते पंपाशी बोलत नाही. म्हणजे मीटरने सांगितलेला आकडा आईने आपल्या हाताने पंपात घालायचा. मी लगेच म्हणाले, "आई, हे नको, यात चूक व्हायची." तर म्हणाली, "पंपात जायचं ते माझ्या डोळ्यांसमोरून जाऊ दे." एवढंच. आवाजही चढवला नाही.

पहिलं मीटर मी निवडलं होतं, आठ महिन्यांपूर्वी. ते पंपाशी बोलायचं. रक्त तपासलं की आकडा आपोआप पंपाकडे जायचा, पंप हिशोब करून विचारायचा, इतकं इन्सुलिन देऊ का, आणि हिरवं बटण दाबलं की झालं. मला वाटलं, छान, आईला आकड्यांच्या भानगडीत पडायलाच नको. ताई, आपण दोघी ज्या बाईच्या हाताखाली वाढलो, ती तीस वर्षं इंचपट्टी गळ्यात घालून लोकांची मापं घेते. पाऊण इंच नि अर्धा इंच तिला नजरेने कळतो. आजवर कुणाचा झगा कमरेत घट्ट झाला म्हणून परत आलेला नाही. आणि मी ठरवून टाकलं की तिला आकडे जमायचे नाहीत. का, तर ती शाळेत गेली नाही आणि मी गेले.

पंपाने तिला काय दिलं ते तू लांब असल्यामुळे पाहिलं नाहीस. पूर्वी दिवसाला चार इंजेक्शनं. एकदा घेतलं की जेवायलाच हवं, मग हातात कुणाचा ब्लाउज असो की पोटात कणभर भूक नसो. पंप आल्यावर पहिल्या आठवड्यात ती दुपारी दोन वाजता मशीनवरून उठली आणि म्हणाली, "आता भूक लागली बघ." भूक लागली म्हणून जेवली, घड्याळ म्हणतं म्हणून नाही. मी तिला इतकं आनंदाने जेवताना कधी पाहिलं नव्हतं. तो पंप काढून घेतला तर ती पुन्हा घड्याळाच्या दावणीला जाईल, आणि तोंडातून चकार शब्द काढणार नाही.

तीन आठवड्यांपूर्वी काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. दुपारी शेजारच्या लॉन्ड्रीवाल्या काकू आल्या. त्यांचं डोकं गरगरत होतं. म्हणाल्या, "तुझ्याकडे मशीन आहे तर माझी पण साखर बघ की गं, दवाखान्याची रांग कोण लावणार?" आईने सुई नवी लावली, पट्टी नवी घेतली. स्वच्छतेत तिचा हात कोण धरणार! काकूंची साखर निघाली तीनशे अठरा. आई त्यांना म्हणाली, "तू आधी त्या इस्त्रीखाली गोड खायचं लपवून ठेवतेस ते बंद कर," आणि दोघी हसल्या. हे काकूंनी मला नंतर रडत रडत सांगितलं. हसत होत्या तेवढ्यात आईच्या कमरेचा पंप वाजला. काकूंचा आकडा त्याला पोचला होता. आईने मान खाली न घालता, सवयीने, हिरवं बटण दाबलं. तीनशे अठरावरचं इन्सुलिन तिच्या अंगात गेलं, आणि तिची स्वतःची साखर तेव्हा अगदी व्यवस्थित होती. तासाभराने ती मशीनवरच कलंडली. कपडे द्यायला काकू परत आल्या म्हणून बरं. त्यांनी दातखीळ सोडवून साखर चोळली आणि माणसं गोळा केली.

त्या रविवारी तू फोनवर आईला काय काय बोललीस! "डॉक्टरीण झालीस का? गावाचं रक्त तपासायचा मक्ता घेतलायस? धाकटी बिचारी नोकरी करून मरते आणि तू तिच्या जिवाला घोर लावतेस!" आई फोन कानाला धरून नुसती हूं हूं करत होती. मी समोरच्या पलंगावर उशांचे अभ्रे बदलत होते. चारही अभ्रे स्वच्छ होते. तरी बदलले.

आता जे फोनवर सांगता आलं नाही ते सांगते. पंप मिळाला तेव्हा नर्सबाई म्हणाल्या होत्या की आईला बसवून तासभर शिकवावं लागेल. मी अर्ध्या दिवसाची रजा काढली होती, ती संपत आली होती, आणि त्या आठवड्यात मी धड झोपलेही नव्हते. मी म्हणाले, मी घरी शिकवते, आणि "रुग्णाला वापर समजावून सांगितला आहे" या ओळीखाली सही केली. दिवसभर मी लोकांचे विम्याचे अर्ज तपासते. न वाचता सही केलेला अर्ज मी कितीदा परत पाठवते! घरी येऊन मी आईला एवढंच शिकवलं: "पंप वाजला की हिरवं बटण दाब, बाकी वाचत बसू नकोस." माहितीपुस्तकात नवव्या पानावर लिहिलंय की मीटर पंपाला जोडलेलं असताना त्यावर दुसऱ्या कुणाचंही रक्त तपासू नये. ते मी वाचलं होतं. पेन्सिलने खाली रेघही ओढली होती. आणि आईला सांगितलं नाही, कारण तिला हे सगळं सांगत बसलं की ती दहा प्रश्न विचारते आणि मला झोपायचं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "यांना शिकवलं नव्हतं का?" मी म्हणाले, "शिकवलं होतं, ती विसरते." ताई, ती जागी होती. हाताला सलाईन होतं, डोळे उघडे होते. तिने माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे, आणि म्हणाली, "हो, मीच विसरले." डॉक्टरांनी कागदावर लिहिलं: रुग्णास आकडे व सूचना समजत नाहीत. त्या एका ओळीवरून गुरुवारी पंप जायची वेळ आलीय. तेव्हापासून आजतागायत तिने मला एका शब्दानेही विचारलं नाही. उलट मी घरी आले की म्हणते, "दमलीस, आधी पड जरा." ती असं म्हणाली की मला घरातून बाहेर निघून जावंसं वाटतं.

काल ती नर्सबाईंसमोर नव्या मीटरवर पाच वेळा आकडे वाचून दाखवत होती आणि पाचही वेळा पंपात बरोबर घालत होती, तेव्हाच मी ठरवलं. खरं काय ते एका पानावर लिहून काढलंय, सहीसकट. ऑफिस सुटलं की हे पत्र टपालात टाकून तशीच दवाखान्यात जाणार आहे, नर्सबाईंच्या हातात ते पान द्यायला. आईला सांगितलेलं नाही, नाहीतर ती मला अडवेल. रविवारी तुझा फोन येईल तोवर निकाल लागलेला असेल, काय लागेल ते माहीत नाही. पंप राहो की जावो, तू फोन केलास की आधी आईला दे म्हण, आणि त्या दिवशी जे बोललीस ते परत घे. त्यासाठीच हे एवढं लिहिलं. मग मला बोलव आणि तेच सगळं मला ऐकव, अगदी त्याच आवाजात, आई समोर असताना. मी फोन कानाला धरून उभी राहीन. फक्त तुझ्या सवयीने इतक्यात "जाऊ दे गं" म्हणू नकोस.

तुझ्या बोलण्याची वाट पाहणारी,
तुझीच,
धाकटी