खालची रांग

२४ फेब्रुवारी

वरची रांग झाली एकदाची! ह्यांची सगळी झाडं छाटली, काड्या गोळा केल्या, कापलेल्या जागी लेप लावला. खांदा बोलतोय. बोलू दे. शेवटच्या सफरचंदाला शिडी लावताना सवयीनं म्हणून गेले, "धरा जरा." कोण धरणार? मग दोरीनं फांदीला बांधली.

खालच्या रांगेकडे बघितलंही नाही.

२६ फेब्रुवारी

बघितलं. आलुबुखाराचे डोळे फुगायला लागलेत. नासपती अजून झोपलेल्या, पण किती दिवस? फुलं उमलली की कात्री ठेवून द्यायची.

खालची रांग माझी, मी लावलेली. आणि ज्यानं लावलं त्यानं छाटायचं नाही, ही ह्या घरची रीत. लावणाऱ्याचा हात आखडतो म्हणे. म्हणून ह्यांची झाडं मी छाटायची आणि माझी ह्यांनी. लग्नानंतरच्या पहिल्या छाटणीला वन्संनी, म्हणजे ह्यांच्या धाकट्या बहिणीनं, भांडी पुसता पुसता मला हे सांगितलं होतं. मी नुकतीच माझ्या पहिल्यावहिल्या आलुबुखारापाशी रडून आले होते. एक काडी तोडवत नव्हती! रीत ऐकली आणि जीव भांड्यात पडला.

हे गेले पानगळीत. आता माझी रांग कुणी छाटायची?

२ मार्च

छाटणीवाला येऊन गेला. यंत्राची करवत घेऊन. सगळी झाडं एका उंचीला आणून देतो म्हणाला — कुंपण आहे का ते? चहा पाजला आणि वाटेला लावला.

४ मार्च

वन्सं आल्या. सोबत रिकामी खोकी आणि स्वतःची उशी — दुसऱ्या उशीवर त्यांची मान धरते. बाग विकायची आणि मी त्यांच्याकडे शहरात राहायला जायचं, हे हिवाळ्यातच ठरलंय. मीच हो म्हटलं होतं. त्या दिवसांत मी कशालाही हो म्हटलं असतं.

आल्या आल्या खालच्या रांगेकडे बघून नाक मुरडलं. "हे काय जंगल!" मी भांड्यांचं खोकं भरत राहिले.

५ मार्च

ह्यांचा कामाचा कोट घडी घातला. खिशात सुतळी. एका बाहीला लेपाचा निळा डाग, कधीच न निघालेला.

काय भांडायचो आम्ही त्या रांगेत! हे शिडीवर, मी खाली. मी म्हणायची, "पुरे." हे म्हणायचे, "अजून एक." एकदाही माझ्या 'पुरे'वर थांबले नाहीत. झाड सोलून काढल्यासारखं दिसायचं आणि मी जेवणापर्यंत अबोला धरायची. मग फुलं आली की मला मुद्दाम खाली घेऊन जायचे आणि काही म्हणजे काही बोलायचे नाहीत. त्या गप्प बसण्याचा असा राग यायचा! आज त्यासाठी काय वाटेल ते देईन.

८ मार्च

गेले होते कात्री घेऊन. पाणसोट, म्हणजे सरळ वर गेलेले, फळ न देणारे कोंब, तर डोळे मिटून काढायचे असतात. तेही काढवेनात. परत आले आणि वन्संना सांगितलं, की इतक्या वर्षांची रीत माझ्यानं मोडवत नाही.

वन्सं हातातली बशी कागदात गुंडाळत होत्या. ती तशीच खाली ठेवली.

"वहिनी, अशी काही रीतबीत नव्हती गं आमच्याकडे. बाबा स्वतःची झाडं स्वतःच छाटायचे. तू तिकडे रडत होतीस ना, तेव्हा दादा आत आला आणि म्हणाला, तिला सांग, आपल्याकडे असं असतं. मी सांगितलं."

आधी हसू आलं. मग रागच आला — दोघांनी मिळून मला बनवलं! आणि मग आठवलं. पहिली काही वर्षं कात्री कशी धरायची हेही मला येत नव्हतं. ह्यांच्या सफरचंदांची मी पार वाट लावली होती. फळच नाही धरलं दोन वर्षं. आणि हा माणूस लेपाची बादली घेऊन माझ्या मागे मागे, तोंडातून शब्द नाही. माझी झाडं मला कापावी लागू नयेत म्हणून ह्यांनी स्वतःची माझ्या हाती दिली होती.

खूप रडले. वन्संनी रडू दिलं.

१० मार्च

सकाळी बघते तर वन्सं ह्यांचा कोट घालून शिडीवर! बाह्या दुमडलेल्या, फांदी कापण्याआधी जीभ टाळूला लावून 'च्' करायची ती ह्यांचीच खोड. मी शिडी धरली. आलुबुखाराची मधली फांदी गेली तेव्हा राहवलं नाही. म्हटलं, "पुरे."

"अजून एक," वन्सं म्हणाल्या.

शिडी घट्ट धरून उभी राहिले.

१३ मार्च

खालची रांग झाली. खोकी दाराशी ओळीनं. गिऱ्हाईक रविवारी बाग बघायला येणार. जेवण गेलं नाही.

१६ मार्च, रविवार

आलुबुखार फुलला. वन्सं मला मुद्दाम खाली घेऊन गेल्या. रांगेच्या टोकाला मोकळी जागा होती, तिथे ओलं आळं आणि त्यात नासपतीचं एवढंसं रोप. गिऱ्हाईकाला काल फोन करून नको म्हणून सांगितलंय म्हणे. स्वतःचं उरलेलं सामानही शहरातून मागवलंय.

वन्सं हाताची माती झटकत म्हणाल्या, "मी लावलंय, वहिनी. म्हणजे छाटायचं तू. आपल्याकडे रीत आहे."