चेष्टा

११ फेब्रु.
दादाचं तेरावं काल उरकलं. आज बोटीवरचा रबी आला होता, ओडिशाचा खलाशी. दादा पाण्यात पडला तेव्हा हाच शेजारी होता. दारात उभा राहून रडायला लागला. वहिनीने विचारलं, नेमकं झालं काय? म्हणाला, ‘भाभी, हम लोग बहुत चेष्टा किया. बहुत.’ वहिनी पांढरीफटक. मी कॉलर धरून त्याला पायरीखाली ढकललं. चेष्टेत माणूस घालवलात, वर तोंड करून सांगायला येतोस?

१२ फेब्रु.
डेपोत आरक्षणाच्या खिडकीवर बसलो, पण लक्ष नाही. वहिनी ठाम. ‘स्वतःच्या तोंडाने कबूल केलान. पोलिसांत जाऊया, भावोजी.’ जायलाच हवं. कानटोपीवरून बोटीवर सगळे चिडवतात, हे दादाच हसत सांगायचा. वहिनीने विणलेली टोपी. दादा सापडला, ती नाही.

१४ फेब्रु.
तक्रार लिहिली. भाषा तपासून घ्यायला पावसला जोशी सरांकडे. (शाळेत संस्कृत शिकवायचे.) सरांनी वाचून चष्मा काढला. ‘तो ओडिशाचा ना? अरे, त्यांच्याकडे चेष्टा म्हणजे प्रयत्न. बंगालीत तेच, नेपाळीत तेच. मूळ संस्कृतात हालचाल, धडपड. आपण त्याची टिंगल करून ठेवली.’
मी चिडून म्हटलं, मराठीत धडपड कुठे उरलीय त्यात?
‘निश्चेष्ट,’ सर म्हणाले.
पेपरात दादाबद्दल हाच शब्द होता. निश्चेष्ट अवस्थेत आढळला. कितीदा वाचला असेल मी.
येताना एसटीत रडू आवरेना. म्हणजे तो वाचवायला धडपडला, आणि मी त्याला...

१५ फेब्रु.
वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, ‘तुमचे सर होते काय बोटीवर?’ पण रबीला बोलवा म्हणाली.

१६ फेब्रु.
सकाळी जेटीवर जाऊन रबीची माफी मागितली. तोच ओशाळला. घरी घेऊन आलो. चहा झाला. मला हायसं वाटलं, चला, मिटलं एकदाचं.
वहिनी एकदम म्हणाली, ‘चेष्टा समजली. आणि थट्टा? थट्टेला काय म्हणता तुम्ही?’
‘थट्टा,’ तो म्हणाला. ‘थट्टा को थट्टाच.’
त्याने कप खाली ठेवला.
‘पहले थट्टा हुआ, भाभी. हम टोपी खींचा, पानी के ऊपर पकडा. दादा लेने को झुका...’ मान वर केली नाही त्याने. ‘फिर चेष्टा. बहुत चेष्टा.’
तो गेला. तक्रारीचा कागद फडताळात आहे. फाडू का, विचारलं. वहिनी म्हणाली, ‘फाडू नका. देऊही नका.’