फरक दिसला नाही

आई, आज मी ‘फरक’ या एका शब्दावरून डॉक्टरांशी भांडले. तुझी फार आठवण आली. सोडाला भागातल्या आपल्या जुन्या घरी, स्वयंपाकघरात तू बाजरीची भाकरी थापते आहेस, संधिवाताने बोटं वळायला लागली आहेत, आणि मी विचारते, “नव्या गोळ्यांनी फरक आहे का गं?” “आहे की. तू अभ्यासाला बस.” कुकरचं झाकण कोपराने दाबून लावायचीस आणि म्हणे फरक आहे! एकदा मी दवाखान्यात खरं काय ते सांगून टाकलं, तर ऑटोत बसल्यावर केवढी रागावलीस. “परक्यांपुढे माझं रडगाणं गायची काय गरज होती?”

तुझे डॉक्टर भले होते. एका गोळीने सुरुवात करून हळूहळू वाढवायचं, की पहिल्यापासून दोन-तीन औषधं एकदम द्यायची, असे दोन मार्ग होते. ते म्हणाले, “आंटीजी, दोनों बराबर हैं. स्टडी में कोई फ़र्क नहीं निकला.” तू एका गोळीचा हलका मार्ग घेतलास. तू गेल्यावर, संख्याशास्त्र शिकून झाल्यावर, मी त्यांची ती ‘स्टडी’ शोधून वाचली. मूठभरच रुग्ण होते गं त्यात. एवढ्या थोड्या माणसांत खरा फरक असला तरी दिसला नसता. चिमूटभर डाळ निवडून खडा सापडला नाही, म्हणून पोत्यात खडा नाही, असं तू कधी म्हणाली असतीस का? फरक दिसला नाही म्हणजे फरक नाही, असं सगळ्यांनी धरलं आणि तुझी बोटं वाकडी होत गेली. शेवटी शेवटी तुझी वेणीही मीच घालायचे.

आता तीच तुलना आमच्या इस्पितळात नव्याने होणार आहे. किती रुग्ण लागतील ते काढणं माझं काम. मोठे डॉक्टर आकडा बघून उखडलेच. “मैडमजी, इतने मरीज़ कहाँ से लाऊँ? चौमूं तक जाऊँ क्या?” मी म्हटलं, “जाइए. कम में फ़र्क होगा भी तो दिखेगा नहीं. कम में करना है तो मत कीजिए.” बरीच हुज्जत झाली, पण शेवटी मानले. मॅडमना उत्तर हवंच आहे, असं सगळ्यांना वाटलं.

हे पत्र टपालात पडायचं नाही, म्हणून तुला सांगते. फरक निघाला, तर तुझे हात कदाचित वाचले असते, हे मला कायमचं कळेल. पुढच्या बायकांसाठी तो निघायला हवा, एवढं मला समजतं. तरी आज घरी येऊन देवापुढे दिवा लावला आणि फरक निघू नये, असंच मागितलं.