आईच्या दगडावरच्या दोन प्रार्थना

दादा,

बाबांच्या धर्माची प्रार्थना आई म्हणायची आणि तिच्या माहेरच्या धर्माचीही. म्हणून तिच्या थडग्याच्या दगडावर मी दोन्ही कोरल्या. तू माणसं घेऊन आलास आणि हातोड्याने माहेरची प्रार्थना फोडलीस. मी मध्ये पडले, तर माझं मनगट मोडलंस. "आई फक्त आपली होती!" असं ओरडत होतास.

तुझी माणसं पुढे गेल्यावर तू पाठ फिरवलीस, तेव्हा दुसऱ्या हाताने तुझ्या डोक्यात दगड घातला तो मी. घालताना बरं वाटलं, दादा. शुद्धीवर येताच, मारणारा आईच्या माहेरचाच असणार असं धरून तू मामाचं नाव घेतलंस. तुझ्या माणसांनी त्याला अर्धमेला केला आणि पोलिसांनी त्यालाच आत टाकलं.

हे पत्र तू फाडून टाकशील आणि मामा आतच राहील. म्हणून ते न पाठवता मी चौकीत निघाले आहे.

तुझी धाकटी