बिनपरवान्याचं लग्न

लॉरेल फोर्क, केंटकी
११ एप्रिल १९९४

चि. ऑर्फा हिस,
अनेक आशीर्वाद. रागात आहे, तरी रीत म्हणून देतो.

तुझं ईस्टरचं कार्ड पोचलं. त्यावर ससा आहे. प्रभू थडग्यातून उठला त्याचा सशाशी काय संबंध, हे ओहायोत कोणाला ठाऊक असेल तर मलाही कळव. इकडे हिवाळा सरला, छातीची घरघर आहे तशीच, बाकी क्षेम.

आता मुद्द्याचं. रेनिटाला तू फोनवर सांगितलंस म्हणे, की लग्नाच्या भानगडीत पडू नकोस, आहे तशीच राहा. ऑर्फा, ती माझी मुलगी आहे, तुझी नाही. तिच्या पोरीचा, शॉनाचा, बाप लग्नाआधीच फ्लोरिडाला पळाला, तेव्हा मी तोंड मिटून घेतलं. रेनिटाने पश्चात्ताप केला, मी स्वतः तिला ओढ्यात उभं करून बाप्तिस्मा दिला. आणि आता ओढ्यापलीकडच्या ट्रेलरमध्ये ती त्या ड्वेनबरोबर राहते. लाकडाच्या गिरणीत कामाला जातो, दारू पीत नाही, पोरीला खांद्यावर घेऊन फिरतो. माणूस वाईट नाही, म्हणून तर जास्त संताप येतो. लग्न का नाही, तर ते केलं की ड्वेनचा पगार घरच्या उत्पन्नात धरला जातो आणि शॉनाचं फुकट औषधांचं सरकारी मेडिकल कार्ड बंद होतं. पोरीला फिट्स येतात, औषध महाग आहे, गिरणी विमा देत नाही, हे सगळं मला पाठ आहे.

पण आपल्याला कोणी कार्डावर वाढवलं होतं का? बीन्स, मक्याचा ब्रेड आणि डोंगरातला पाला खाऊन आपण मोठे झालो. आता पहिली तारीख आली की निम्मी दरी सरकारी चेकसाठी टपालपेटीशी उभी. पूर्वी सरकारचा माणूस अंगणात आला तर बाबा बंदूक काढायचे. आता सरकार सांगतं घरात नवरा नको, आणि आपल्या बायका मान डोलावतात!

जूनमध्ये चर्चची एकमेकांचे पाय धुण्याची सभा आहे. आदल्या शनिवारी कोणाचं कोणाविरुद्ध काही असेल तर ते उभं राहून सांगावं लागतं, तुला माहीत आहे. मनात अढी ठेवून कोणी कोणाच्या पायाला हात लावत नाही. मी या चर्चचा मुख्य उपदेशक. दुसऱ्या कोणी बोलण्याआधी मीच उभा राहीन आणि माझ्या मुलीला चर्चमधून काढून टाका म्हणून सांगेन.

तुझी अक्कल तुझ्याजवळ ठेव, लोभ तेवढा पाठव.
तुझा भाऊ,
थर्मन

*

हॅमिल्टन, ओहायो
१९ एप्रिल १९९४

ती. थर्मनदादा यास,
सा. न. वि. वि.

ससा स्वस्त होता म्हणून घेतला. पुढच्या वर्षी क्रूस पाठवीन, महाग असला तरी.

तू टपालपेटीशी उभ्या राहणाऱ्यांवर तोंडसुख घेतोस, आणि तुझा काळ्या फुप्फुसांचा सरकारी चेक कोण आणून देतं, देवदूत? खाणीत तू छाती घालवलीस, तो तुझा हक्कच आहे, कोण नाही म्हणतंय? पण त्याची वाट बघत तूही त्याच पेटीशी उभा असतोस. फरक इतकाच, की तू हॅट घालून उभा असतोस.

आणि आईबाबांच्या स्वाभिमानाच्या गोष्टी मला सांगू नकोस. आपला धाकटा भाऊ हर्शेल तापाने फणफणत होता तेव्हा बाबांनी डॉक्टर आणला नाही, कारण फुकटचा डॉक्टर म्हणजे भीक. हर्शेल गेला. आई त्याला स्वाभिमान म्हणाल्याचं मला तरी आठवत नाही. त्यानंतर तिने बाबांशी जेवणापुरतंच बोलणं ठेवलं. तू तेव्हा खाणीत जायला लागला होतास, तुझ्या लक्षात आलं नसेल. मी घरात होते.

तू स्वतःच्या मुलीचं नाव सभेत घेणार! दुसऱ्या कुठल्या बापाने असं केलं असतं तर तू त्याच्यावर तासभर प्रवचन झोडलं असतंस. दादा, मला तुझी लाज वाटते, हे स्पष्टच लिहिते.

एवढंच खुपत असेल तर एक सांगते. अब्राहामाने मुलाचं लग्न केलं तेव्हा कुठल्या कोर्टातून परवाना आणला होता? त्यांना चर्चमध्ये उभं कर, डोक्यावर हात ठेव, प्रार्थना म्हण, आणि कोर्टाच्या पायऱ्या चढू नकोस. देवाच्या दारी नवराबायको, सरकारच्या दारी शेजारी. तुझा देवही राहील आणि पोरीचं औषधही.

माया आहे म्हणून भांडते. तीही नकोशी झाली तर तसं कळव.
तुझी बहीण,
ऑर्फा

*

लॉरेल फोर्क
२० जून १९९४

चि. ऑर्फा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या डोक्यातून निघालेली गोष्ट मी केली, हे लिहिताना पेन जड होतंय. परवान्याशिवाय लग्न लावणं कायद्यात बसत नाही, ते माझ्या माथी. पण मी पुष्कळ विचार केला, गुडघे टेकून विचारलं, आणि वरून नकार आला नाही.

शनिवारी सभेत मी उभा राहिलो. सगळ्यांना वाटलं आता मुलीचं नाव घेणार. ब्यूला कोम्ब्स तर पुढे सरकून बसली होती, तिनेच वर्षभर रेनिटाच्या नावाने खडे फोडले होते. मी रेनिटाला आणि ड्वेनला पुढे बोलावलं आणि लग्न लावलं. ड्वेनच्या शर्टाला लाकडाचा भुसा लागलेला होता. रेनिटा रडत होती. शॉना माझी हॅट घालून पहिल्या बाकावर बसली होती, आणि अख्ख्या सभेत पोरीला एकही फिट आली नाही.

रविवारी पाय धुतले. बायकांच्या बाजूला रेनिटाने कमरेला टॉवेल बांधला, पाण्याचं भांडं उचललं, आणि गेली ती थेट ब्यूलापुढे. तिचे मोजे काढून पाय धुतले. ब्यूला हुंदके देऊन रडायला लागली. मीही रडलो, ते कोणाला सांगू नकोस. इतकी वर्षं हे चर्च सांभाळलं, त्याचं सार्थक झालं असं वाटलं. नंतर झाडाखाली सगळ्यांचं जेवण झालं, सफरचंदाचा थरांचा केक होता. तू यायला हवं होतंस, पण तुला ओहायोतून हलायला त्रास.

कुजबुज नको म्हणून मी शेवटी सगळ्यांना बजावलं, की आजपासून ही दोघं नवराबायको आहेत, कोणी विचारलं तर ताठ मानेने तसंच सांगा.

या खेपेला लोभ मागून घेतो.
थर्मन

*

हॅमिल्टन
२७ जून १९९४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

कोणी विचारलं तर तसंच सांगा? अरे, डोकं ठिकाणावर आहे का? मी तुला लग्न लाव म्हटलं होतं, दवंडी पीट म्हटलं नव्हतं. ब्यूलाची सून कुठे नोकरीला आहे, माहीत आहे ना? त्याच कार्डांच्या कचेरीत. ब्यूलाचे पाय धुतले, जीभ नाही धुतली.

आता नीट ऐक. चारचौघांत नवराबायको म्हणवून घेतलं तरी कचेरी ते लग्न धरते, मी इथे चौकशी केली. कोणी दारात आलं तर छातीत दुखतंय म्हण आणि आत जाऊन पड. हो म्हणू नकोस, नाही म्हणू नकोस. एवढं तरी जमव.

काळजीने जीव अर्धा झाला आहे, तो सांभाळ.
ऑर्फा

*

लॉरेल फोर्क
२२ ऑगस्ट १९९४

चि. ऑर्फा हिस,
आशीर्वाद.

कचेरीतली बाई आली होती. पोरसवदा, पँट घातलेली, बोलायला नम्र. ओसरीवर बसली, तिला ताक दिलं. तिने विचारलं, की रेनिटाचं लग्न झालं आहे का. मी म्हटलं, झालं आहे, माझ्या हाताने झालं आहे.

तू आता शिव्या देशील. दे. पण ज्या हाताने त्यांना आशीर्वाद दिला तोच हात हलवून मी नाही म्हणू? मग ते लग्न काय होतं, नाटक? माझ्या आयुष्यात माझ्याजवळ शेत नाही, शिक्षण नाही, श्वाससुद्धा धड नाही. शब्द तेवढा आहे. तो त्या बाईपुढे मोडायचा, तर रविवारी उभा कशाच्या जोरावर राहू?

कार्ड बंद झालं. ड्वेनने गिरणीत जादा काम धरलं आहे, तरी औषध पुरं येत नाही. मी माझा चेक घेऊन ट्रेलरपाशी गेलो, तर रेनिटाने दार उघडलं नाही. ती चर्चलाही येत नाही. देव वाट काढेल असं मी ड्वेनला म्हणालो. तो म्हणाला, की वाट होती, तुम्ही बुजवली. माझ्या तोंडावर म्हणाला.

तुझ्या पत्राची वाट बघत नाही.
थर्मन

*

लॉरेल फोर्क, ओढ्यापलीकडून
१९ सप्टेंबर १९९४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

हाकेच्या अंतरावर असून पत्र लिहिते, कारण समोर आलात तर मी काय बोलेन याचा भरवसा नाही.

औषध अर्धं अर्धं करून देत होते. गुरुवारी शॉना शाळेच्या बसमध्ये पडली. तिचे दात जिभेत रुतले होते. सगळी मुलं बघत होती. आता ती बसमध्ये चढायला तयार नाही.

मी कचेरीत जाऊन शपथेवर लिहून दिलं आहे, की माझं लग्न झालेलं नाही. ड्वेन त्याच्या आईकडे राहायला गेला आहे, म्हणजे तेही खरं दिसेल. त्यांनी विचारलं, मग वडील तसं का म्हणाले. मी सांगितलं, की वडिलांच्या छातीत हवा पुरत नाही, त्याने डोक्यावर परिणाम झाला आहे, मनातलं आणि घडलेलं ते एकत्र करतात. हेही शपथेवर आहे.

ती बाई खात्री करायला तुमच्याकडे पुन्हा येईल. तुम्हाला काय सांगायचं ते सांगा. खोटी शपथ घेणाऱ्याला तुरुंग असतो, एवढं माहीत असू द्या. खरं बोलणं तुम्हाला नातीपेक्षा प्रिय आहे, ते मी पाहिलंच.

लोभाचं काही मागत नाही.
रेनिटा

*

लॉरेल फोर्क
३१ ऑक्टोबर १९९४

चि. ऑर्फा हिस,
अनेक आशीर्वाद.

तू दोन महिने एक ओळ लिहिली नाहीस. बरं केलंस. तरी हे तुलाच लिहावं लागतंय, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही.

ती बाई आली, बरोबर एक डॉक्टर होता. मी ओसरीवर बसलो होतो. त्यांनी विचारलं, आज कोणता सण जवळ आला आहे. मी म्हटलं, ईस्टर. मग त्यांनी रेनिटाबद्दल विचारलं, तर मी त्या बाईलाच विचारलं, की तूच रेनिटा ना, जेवून आलीस का. आणि हर्शेल ओढ्यावर गेलाय, त्याला हाक मार म्हणून सांगितलं. हे शेवटचं मी ठरवलं नव्हतं, तोंडातून आपोआप गेलं. बाईचे डोळे भरले. तिने माझा हात हातात घेऊन थोपटला. ऑर्फा, मला खाणीत दगडाखालून काढलं तेव्हासुद्धा कोणी अशा नजरेने बघितलं नव्हतं.

शॉनाचं कार्ड परत सुरू झालं. पोरगी बसने शाळेत जाते.

परवा शनिवारच्या सभेत मी उभा राहिलो. म्हटलं, मी खोटं वागलो आहे, मला उपदेशकाच्या जागेवरून उतरवा, चर्चमधूनही काढा. कसलं खोटं ते सांगू शकत नव्हतो. पण तोवर माझं डोकं गेल्याची बातमी दरीभर झाली होती. कोणाला माझं खरं वाटलं नाही. ब्यूलाचा नवरा उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला बाकावर नेऊन बसवलं. म्हणाला, की ब्रदर थर्मन थकले आहेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करू या. सगळ्यांनी केली. जागेवरून उतरवलं, पण म्हातारपणासाठी, पापासाठी नाही. जन्मभर माझ्या शब्दावर या लोकांनी जमिनीच्या हद्दी ठरवल्या, आणि आता आज पाऊस पडेल म्हटलं तरी एकमेकांकडे बघून हसतात.

तू म्हणशील, रेनिटाला खरं सांग. सांगणार नाही, आणि तूही सांगायचं नाहीस. तिला कळलं, की तिच्या शपथेसाठी बापाने हे केलं, तर ती कचेरीत जाऊन सगळं ओकून टाकेल. माझीच मुलगी आहे. तुझं तोंड तुला आवरत नाही हे माहीत आहे, म्हणून तुला हर्शेलची शप्पथ घालतो. पत्र वाचलंस की चुलीत टाक.

ती आता रोज येते. तिला वाटतं, आपण तसं लिहून दिलं आणि ते खरं झालं. बीन्स गरम करते, ब्रेडचे तुकडे करून माझ्या ताटात ठेवते, लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्याने बोलते. निघताना खाली वाकून विचारते, की बाबा, मी कोण? मी जरा वेळ तिच्याकडे बघत राहतो, मग तिचं नाव सांगतो. तिला इतका आनंद होतो, ऑर्फा, की दारातून वळून दोनदा हात हलवते.

तेवढा लोभ मला पुरतो, तुझा शिल्लक असेल तर पाठव.
तुझा शुद्धीवरचा भाऊ,
थर्मन