उशाजवळची कुंडी

९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुम्ही सगळे बरे असाल. माझ्या पाठीच्या ऑपरेशनची जखम भरली, पायातली कळ गेली. शिवणही पुन्हा सुरू केलंय. थोडं शिवते, उठते, खोलीत फेरी मारते. गिऱ्हाइकं म्हणतात, बाई शिवतात कमी, चालतातच जास्त.

आई दवाखान्यात आहे. हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं, हात वळेना. जिवावरचं टळलंय.

मागे व्यायाम शिकवणाऱ्या बाई घरी आल्या होत्या. मणक्यातली गादी पुन्हा सरकू नये म्हणून कसं उचलायचं, ते त्यांनी मला आईच्याच पलंगाशी उभं करून शिकवलं. गुडघ्यात वाका, वजन छातीशी धरा, उचलल्यावर कमरेतून वळू नका. खरं तर यांना एकटीने उचलूच नका, म्हणाल्या. पुन्हा सरकली तर पाय लुळा पडू शकतो. वजन म्हणजे आई. आम्ही तिच्या डोक्यावरून बोलत होतो आणि ती छताकडे बघत होती.

त्यानंतर तिच्या हाका कमी झाल्या. बाथरूमला नेऊ का विचारलं, की म्हणायची, नको गं, लागलीच नाहीये. मला बरंच वाटलं, ताई. तिच्या उशाजवळ, खिडकीत कुंडी आहे ना, तिच्यातलं रोप पिवळं पडत होतं. म्हटलं, ऊन कमी पडत असेल.

काल सकाळी ती भलतंच बरळायला लागली. डॉक्टर म्हणाले, यांच्या अंगात पाणीच नाही. मी त्यांच्याशी वाद घातला. रोज तिच्या हाताशी तांब्या भरून ठेवते, संध्याकाळी तो रिकामा असतो. मग तिचे कपडे न्यायला घरी आले आणि सहज कुंडीत बोट घातलं. नुसता चिखल.

शुद्धीवर आल्यावर तिला विचारलं.

"तुझी पाठ सगळ्यांनी जपायची ना? मग मीही जपली," म्हणाली. वर हसली.

सलाईन चालू आहे. पण ग्लास पुढे केला की अजून ओठ मिटून घेते. मदतीला बाई ठेवू म्हटलं, तर मान फिरवली. आपण दोघी मिळून तिला उचलतो, माझ्या पाठीला काही होत नाही, हे डोळ्यांनी बघेल तेव्हाच ती पाणी पिईल.

तुला जमेल का, असं विचारायला कागद घेतला होता. आता विचारत नाही. ये.

पलंगाच्या एका बाजूला उभी असलेली,
तुझी धाकटी