भाकरी न केल्याचा आळ

६ जानेवारी, सोमवार

मूळव्याध नाही. कॅन्सर. मोठ्या आतड्याचा. नवनाथदादा सहा महिने मेडिकलमधून मलम आणून लावत होता! पुण्याच्या दवाखान्यातून वहिनीचा फोन आला तेव्हा मी अंगणवाडीत पोरांना उसळ वाढत होते. वाढत राहिले. थांबून काय करणार?

९ जानेवारी

तळेघर ते घोडेगाव, तिथून जुन्नर. दोन एसट्या, अर्धा दिवस.

दादाच्या घरी आई आधीच येऊन बसलेली. येईल त्याला सांगते — सुनेनं भाकरी केली नाही, मैद्याचं खाऊ घातलं, म्हणून झालं. अक्षदावहिनी ओट्याशी पाठमोरी चहा गाळत होती. वळली नाही.

दादा वीस वर्षं टेम्पो चालवतो. सकाळी खारी, दुपारी वडापाव, तेही गाडीतच. वहिनीचा डबा तसाच परत यायचा. आईला माहीत आहे. मलाही. तरी मी म्हणाले, "नाचणीची भाकरी तरी करायचीत, वहिनी."

का म्हणाले? अंगणवाडीच्या भिंतीवर मीच तक्ता लावलाय — नाचणी, पालेभाज्या, कडधान्यं. चोथा पोटात गेला की आतडं नीट राहतं. तेच तोंडात बसलंय.

२१ जानेवारी

ऑपरेशन झालं. वीतभर आतडं काढलं. फार पसरलेलं नाही म्हणतात. वहिनी तीन दिवस दवाखान्यातल्या बाकावरच. मी डबा नेला. तिनं झाकण उघडलं नाही.

२२ जानेवारी

डॉक्टर म्हणाले, सख्ख्या भावंडांनी दुर्बिणीची तपासणी करून घ्यायची. मी त्रेचाळीसची. म्हटलं, मी दोन्ही वेळा नाचणीची भाकरी खाते.

"चांगलंय, सोडू नका. पण त्यानं धोका कमी होतो, संपत नाही."

जरा रागच आला.

९ फेब्रुवारी, रविवार

उद्याच्या तपासणीसाठी जुलाबाचं औषध. बादलीभर पाणी प्यायले असेन. अंगात त्राण नाही.

१० फेब्रुवारी

दोन गाठी. माझ्या आतड्यातसुद्धा.

तपासतानाच काढल्या. साध्या वाटतात, डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट यायचाय. राहिल्या असत्या तर काही वर्षांनी त्यांचा कॅन्सर होऊ शकला असता. घरात आधी कुणाला होता का, विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. आईला विचारायला हवं.

वहिनी सोबत आली होती. दादाला तसं टाकून! परतताना एसटीत तिला म्हणाले, त्या दिवशी मी चुकीचं बोलले. ती खिडकीबाहेर बघत होती.

"मी रोज विचार करते ताई, खरंच माझ्यामुळं झालं का?"

नाही म्हणाले. दोनदा म्हणाले. तिला पटलं नसावं.

११ फेब्रुवारी

आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "तुझ्या बापालाबी संडासवाटं रगत पडत व्हतं. वरीसभर. त्यातच गेला. कुणाला सांगू नको म्हनला, म्या न्हाई सांगितलं."

वहिनी दारातच उभी होती.